संकरित मोटारगाडी आणि कोल्हापूरचा एंजिन उद्योग

इंधनाच्या ज्वलनावर चालणारे एंजिन आणि साठविलेल्या विजेवर चालणारे विद्युत् चलित्र, म्हणजे मोटर, या दोन प्रेरक साधनांची सांगड घालून त्यांपैकी एकाच्या किंवा दोहोंच्या साहाय्याने चालविल्या जाणाऱ्या वाहनास संकरित वाहन असे म्हणतात. पेट्रोल व नैसर्गिक वायू अशा दोन इंधनांवर आलटूनपालटून चालणारी गाडी या व्याख्येत बसत नाही, कारण तिच्यात प्रेरक साधन एकच असते. डीझेल-विद्युत् रेल्वे एंजिनही संकरित नव्हे. त्यात डीझेल एंजिन जनित्र फिरविते व जनित्राच्या विजेवर चाकांजवळील चलित्रे फिरतात. परंतु निर्माण झालेली वीज साठविली जात नाही. १८९१ मध्ये सुरू झालेल्या मिरज–कोल्हापूर लोहमार्गावर विद्युतीकरण होईपर्यंत अशी एंजिने दीर्घकाळ धावत होती. त्यांत घटमालेची भर घातली आणि चाकांच्या रोधनातून वीज परत मिळविण्याची सोय केली की, संकरित वाहनाचे तत्त्व पूर्ण होते.

ऐतिहासिक आढावा : ही कल्पना नवी नाही. फेर्डिनांट पोर्श या तरुण अभियंत्याने व्हिएन्ना येथील लोहनर यांच्या कारखान्यात १९०० च्या सुमारास चाकांच्या तुंब्यांतच चलित्रे बसविलेली गाडी तयार केली. शिशाच्या घटमालेचे प्रचंड वजन कमी करण्यासाठी त्याने तिच्यात जनित्र फिरविणारे पेट्रोल एंजिन बसविले. एंजिनाचा चाकांशी थेट संबंध नसलेल्या या रचनेस श्रेणी-रचना म्हणतात. बेल्जियममधील आंरी पीपर याने एंजिन व चलित्र एकाच दंडावर बसवून समांतर रचना मांडली. चढावर चलित्राने एंजिनाला हातभार लावावा व उतारावर त्यानेच जनित्र होऊन घटमाला भारित करावी, ही त्याची योजना होती. तिचे अमेरिकन एकस्व १९०९ मध्ये मिळाले. तथापि १९०८ मध्ये फोर्ड कंपनीची स्वस्त गाडी बाजारात आली आणि १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत विजेवरील आरंभक बसविण्यात आला. हॅंडल मारून एंजिन सुरू करण्याचे कष्ट संपले आणि विद्युत् गाडीचे मोठे आकर्षणही संपले. विजेवरील गाडीचा पाडाव एका लहानशा विद्युत् चलित्रानेच केला, हा या इतिहासातील एक विरोधाभास होय.

यानंतर सु. पन्नास वर्षे या विषयात लक्षणीय काही घडले नाही. १९७० नंतर शहरांतील हवेचे प्रदूषण व १९७३ चा तेलतुटवडा यांमुळे तो पुन्हा पुढे आला. अमेरिकेत व्हिक्टर वूक यांनी ब्यूइक स्कायलार्क या अवजड गाडीचे संकरित रूप तयार करून शासकीय चाचणीस उतरविले. परंतु १९७६ मध्ये तो कार्यक्रम गुंडाळण्यात आला. याच सुमारास टीआरडब्ल्यू या कंपनीतील अभियंत्यांनी दंतचक्रांद्वारे एंजिनाची शक्ती दोन वाटांनी विभागण्याची रचना सिद्ध केली होती. तिचे महत्त्व कळण्यास इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाची प्रगती व्हावी लागली. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये टोयोटा कंपनीची प्रियस ही गाडी विक्रीस आली. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली ही पहिली संकरित मोटारगाडी होय.

रचना व कार्य : संकरित गाडी इंधन का वाचविते, हे समजण्यासाठी साध्या एंजिनाचा दोष लक्षात घ्यावा लागतो. सपाट रस्त्यावर ताशी ४० किमी. वेगाने जाणाऱ्या मध्यम आकाराच्या गाडीस तीन-चार किलोवॉटपेक्षा अधिक शक्ती लागत नाही. एंजिन मात्र ७०–८० किलोवॉट देण्याच्या क्षमतेचे असते, कारण ते चढासाठी व वेगवृद्धीसाठी निवडलेले असते. इतक्या हलक्या भारावर त्याची कार्यक्षमता फार खालावते आणि गाडी उभी असता एंजिन चालू ठेवल्यास ती शून्यच असते. संकरित गाडीत हलका भार चलित्राकडे सोपविला जातो, एंजिन बंद राहते आणि ते चालू होते तेव्हा त्यास त्याच्या सर्वांत लाभदायक भारावर चालविले जाते. उरलेली शक्ती घटमालेत साठते.

प्रियसमधील रचनेत ग्रहमालेसारखी एक दंतचक्रमाला असते. मध्यभागी सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि सर्वांना वेढणारे वलयचक्र अशी तिची मांडणी असते. ग्रहचक्रांच्या वाहकास एंजिन, सूर्यचक्रास जनित्र आणि वलयचक्रास चलित्र व चाके जोडलेली असतात. वलयचक्रास ७८ व सूर्यचक्रास ३० दाते असल्याने एंजिनाच्या फिरविणाऱ्या जोराचा सु. ७२ टक्के भाग सरळ चाकांकडे व उरलेला जनित्राकडे जातो. जनित्राची गती बदलली की एंजिन व चाके यांच्या गतींचे गुणोत्तर बदलते. त्यामुळे नेहमीच्या अर्थाने क्लच वा गतिपेटी लागत नाही. एंजिनही वेगळ्या पद्धतीचे असते. जेम्स ॲटकिन्सन यांनी १८८० च्या दशकात सुचविलेल्या तत्त्वानुसार त्यात वायूच्या संपीडनापेक्षा प्रसरण अधिक होऊ दिले जाते. आधुनिक एंजिनात अंतर्गम झडप उशिरा बंद करून हे साधतात. अशा एंजिनाचा मंद गतीवरील जोर कमी पडतो. ती उणीव चलित्र भरून काढते. दोन अपुऱ्या साधनांनी एकमेकांस पुरे केल्याचे हे उदाहरण आहे.

भारतात २००८ मध्ये होंडाची सिव्हिक संकरित गाडी व २०१० मध्ये प्रियस आयात होऊन आली. किंमत फार असल्याने दोहोंचा प्रसार झाला नाही. जून २०१० मध्ये पुण्याच्या केपीआयटी कमिन्स कंपनीने ‘रेव्होलो’ नावाचा समांतर संच जाहीर केला. वापरात असलेल्याच गाडीवर तो बसवावयाचा होता. त्याच्या उत्पादनासाठी भारत फोर्ज कंपनीशी भागीदारीही झाली होती. रस्त्यावरील जुन्या गाड्या सुधारण्याचा हा विचार आपल्या देशास नव्या गाड्यांपेक्षा अधिक उपयुक्त ठरला असता, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पण तो बाजारात रुजला नाही. मुंबईत बांद्रा–कुर्ला संकुलासाठी २०१८ मध्ये टाटा मोटर्सच्या २५ संकरित बसगाड्या आल्या. त्यांत श्रेणी-रचना होती. संकरित गाडी सामान्य ग्राहकाच्या विचारात आली ती २०२२ मध्ये, मारुती व टोयोटा यांच्या दीड लिटर एंजिनाच्या जोडगाड्या विक्रीस आल्यापासून. या गाड्यांत ६८ किलोवॉटचे तीन सिलिंडरांचे एंजिन असून चलित्रासह एकूण शक्ती ८५ किलोवॉट मिळते.

दैनंदिन वापर : मान्यताप्राप्त चाचणीत या गाडीचा पल्ला लिटरला २७·९७ किमी. नोंदला गेला, त्याच गाडीच्या सौम्य संकरित प्रकाराचा २१·११ किमी. होता. सौम्य प्रकारात चलित्र एंजिनास केवळ हातभार लावते, एकटे गाडी चालवू शकत नाही. चाचणी वातानुकूलन बंद ठेवून व ठराविक वेगक्रमाने होते. प्रत्यक्ष रस्ता असा नसतो. कोल्हापुरात महाद्वार रोड किंवा बिंदू चौकातून जाणारी गाडी दर शंभर पावलांवर थांबते. येथे एंजिन बहुतांश काळ बंद असते आणि वाचन घसघशीत दिसते. ऊस गळिताच्या हंगामात ट्रॅक्टरच्या दुहेरी ट्रॉल्यांमागे मैलभर रेंगाळावे लागते, तेव्हाही तसेच. याउलट पुणे–बंगळूर महामार्गावर ताशी ९०–१०० किमी. वेगाने जाताना एंजिन सतत चालू असते, रोधनाचे प्रसंग थोडे येतात आणि लाभ आखडतो. साधी गाडी शहरात जास्त व महामार्गावर कमी इंधन खाते. संकरित गाडीत हा अनुभव पुष्कळदा उलटा होतो. म्हणून दर आठवड्यास पुण्याची खेप करणाऱ्या व्यापाऱ्याने आणि शहरातच फिरणाऱ्या डॉक्टराने एकाच आकड्यावर विसंबून गाडी घेऊ नये.

घाटाचे उदाहरण विशेष बोधक आहे. चार माणसांसह १,५०० किग्रॅ. भरणारी गाडी ३०० मी. उंची उतरते, तेव्हा तिची सु. १·२ किलोवॉट-तास स्थितिज ऊर्जा मोकळी होते. टायरांचे घर्षण, हवेचा रोध व विजेच्या रूपांतरातील व्यय वजा जाता तिच्यापैकी साधारण निम्मी घटमालेपर्यंत पोहोचते. परंतु उपरोक्त गाड्यांच्या लिथियम घटमालेची एकूण धारणाशक्तीच एका किलोवॉट-तासाहून कमी असून, तिचे आयुष्य टिकावे म्हणून नियंत्रक तिचा काही भागच वापरतो. त्यामुळे पन्हाळा उतरताना किंवा गगनबावड्याहून करूळ घाटाने कोकणात जाताना तळ येण्यापूर्वीच घटमाला भरते. पुढची ऊर्जा इंधनाविना एंजिन फिरवून किंवा गतिरोधकांत उष्णता होऊन वाया जाते. चढावर याच्या उलट स्थिती येते. घटमाला रिकामी होत आली की सारा भार लहान एंजिनावर पडतो. ते उच्च गतीवर एकसुरी आवाज करीत राहते आणि गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. चालकास हा बिघाड वाटतो, वस्तुतः ती या रचनेची प्रकृती आहे.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. वर्षाला १०,००० किमी. प्रवास व पेट्रोलचा दर लिटरला १०० रुपये धरल्यास लिटरला २१ व २८ किमी. यांतील फरकाने सु. बारा हजार रुपये वाचतात. गाडीच्या किमतीतील फरक दोन लाख रुपये असेल, तर तो भरून येण्यास सोळा-सतरा वर्षे लागतील. प्रवास दुप्पट असल्यास आठ. करआकारणीही अनुकूल नव्हती. जुलै २०१७ पासून मोठ्या संकरित गाड्यांवर अधिभारासह ४३ टक्के व विद्युत् गाड्यांवर, प्रथम १२ व २०१९ पासून ५ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून अधिभार रद्द होऊन दीड लिटरच्या संकरित गाडीवरील दर ४० टक्के झाला. फरक मोठाच राहिला.

कोल्हापूरचा संबंध : या प्रश्नाशी कोल्हापूरचा संबंध केवळ ग्राहकाचा नाही. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी जुन्या तोफा किर्लोस्करांना नांगरांच्या ओतकामासाठी दिल्या, ही घटना प्रसिद्ध आहे. ओतकाम व यंत्रकाम यांची ही परंपरा पुढे शिवाजी उद्यमनगरात वाढली. वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कारागीर-उद्योजकांच्या हाताखाली घडलेल्या मिस्त्रींनी ऑइल एंजिने बनविली. पंचगंगाकाठच्या विहिरींवर, उपसा सिंचनावर आणि गुऱ्हाळांतील चरकांवर ती बसली. पुढे खेडोपाडी वीज पोहोचली, पंप विजेवर चालू लागले आणि ऑइल एंजिनाची मागणी ओसरली. उद्यमनगरातील कारखाने त्यामुळे बुडाले नाहीत. त्यांच्या फौंड्र्या शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत वाढल्या आणि मोटारगाड्या, मालमोटारी व ट्रॅक्टर यांचे ओतीव भाग करू लागल्या. सिलिंडर-ठोकळे, सिलिंडर-शीर्षे, प्रचक्रे, गतिरोधकांच्या तबकड्या व दट्टे यांसाठी कोल्हापूर ओळखले जाऊ लागले. आज या परिसरात सु. ३०० फौंड्र्या आहेत.

म्हणजे विजेने एंजिनाची जागा घेण्याचा प्रसंग या गावाने एकदा पाहिला आहे. पूर्ण विद्युत् गाडीत सिलिंडर, दट्ट्या, भुजादंड यांपैकी काहीही उरत नाही. संकरित गाडीत एंजिन राहते. यावरून संकरित गाडी ही फौंड्र्यांची तारणहार आहे, असे येथे पुष्कळदा बोलले जाते. हे अर्धसत्य होय. नव्या लहान गाड्यांचे एंजिन-ठोकळे बहुधा ॲल्युमिनियमचे असतात, तर कोल्हापूरचे बळ बिडाच्या ओतकामात आहे. वर वर्णिलेल्या विभाजित रचनेत नेहमीची गतिपेटी नाहीशी होते आणि रोधनाचे पुष्कळ काम चलित्राने केल्याने तबकड्या सावकाश झिजतात, म्हणजे सुट्या भागांची विक्रीही घटते. मालमोटारी व ट्रॅक्टर यांची डीझेल एंजिने हाच बिडाच्या फौंड्रीचा खरा आधार आहे, आणि त्या क्षेत्रात संकरित रचना अद्याप विरळ आहे.

उसाच्या बाजूने पाहिल्यास चित्र थोडे वेगळे दिसते. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये २० टक्के एथॅनॉल मिसळण्याचे प्रमाण गाठले गेले आणि साखर कारखान्यांच्या आसवन्यांना नवी बाजारपेठ मिळाली. परंतु एथॅनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असल्याने मिश्रण वाढेल तसा गाडीचा पल्ला घटतो. संकरित रचना ही घट बऱ्याच अंशी भरून काढू शकते. याच विचाराने ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीत अधिक प्रमाणातील एथॅनॉलवर चालणारी इनोव्हा हायक्रॉस ही संकरित गाडी नमुना म्हणून दाखविण्यात आली. गुऱ्हाळाचा चरक फिरविणारे ऑइल एंजिन जेथे घडले, त्या परिसराला उसापासून मिळणाऱ्या इंधनावरील संकरित एंजिनाचे भाग ओतण्याची संधी मिळेल किंवा नाही, हे एथॅनॉलच्या दरावर, मोटार कंपन्यांच्या निवडीवर आणि बिडाकडून ॲल्युमिनियमकडे वळण्यास येथील फौंड्र्या किती भांडवल घालू शकतात यावर अवलंबून आहे.