परमेश्वर कोणाच्या बाजूने? लिंकन यांचे एक खासगी टिपण

१/ अमेरिकी यादवी युद्धाच्या (१८६१-६५) काळात अब्राहम लिंकन यांनी एका कागदावर स्वतःपुरते काही विचार लिहून ठेवले. त्यावर तारीख नव्हती. सचिव जॉन हे यांनी तो कागद जपला, म्हणून तो पुढे जगासमोर आला. तो सहसा सप्टेंबर १८६२ चा मानला जातो.

२/ टिपणाचा आशय असा : युद्धात दोन्ही पक्ष ईश्वरेच्छेचा हवाला देतात. ईश्वर एकाच गोष्टीला एकाच वेळी अनुकूल आणि प्रतिकूल असू शकत नाही. म्हणजे एक पक्ष चुकतो आहे हे निश्चित. कदाचित दोघेही चुकत असतील. ईश्वराचा हेतू दोघांच्याही हेतूंहून निराळा असणे शक्य आहे.

३/ हा प्रश्न पुस्तकी नव्हता. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी, हा इफिसकरांस पत्रातील उपदेश गुलामगिरीचे समर्थक पुढे करीत. विरोधक निर्गमाकडे बोट दाखवीत : मिसरच्या दास्यातून लोकांना सोडवणाऱ्या परमेश्वराकडे. ग्रंथ एकच, आज्ञापालनाचे अर्थ मात्र दोन.

४/ लिंकन कोणत्याही चर्चचे सभासद नव्हते. बायबल मात्र त्यांच्या चांगल्या परिचयाचे होते. १३ सप्टेंबर १८६२ रोजी शिकागोच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाने गुलामांच्या मुक्तीचा आग्रह धरला. लिंकन यांचे उत्तर मार्मिक होते : माझ्या कर्तव्याविषयीची इच्छा ईश्वर इतरांना कळवत असेल, तर ती थेट मलाही कळवील. ती कळली, तर मी पाळीन.

५/ चारच दिवसांनी अँटिएटमची लढाई झाली. एका दिवसात सुमारे २३ हजार सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. दक्षिणेचे सैन्य मागे हटले. २२ सप्टेंबरला लिंकन यांनी मंत्रिमंडळाला सांगितले, की विजय मिळाल्यास तो ईश्वरी संकेत मानण्याचा आपण संकल्प केला होता. त्याच दिवशी मुक्तीची प्राथमिक घोषणा निघाली. तिचा मसुदा मात्र जुलैपासूनच तयार होता. संकेताची वाट पाहणाऱ्याने आपली तयारी थांबवली नव्हती.

६/ ४ मार्च १८६५. उत्तरेचा विजय दृष्टिपथात होता. दुसऱ्या शपथविधीचे भाषण जेमतेम ७०० शब्दांचे. त्यात जयघोष नव्हता. इतरांचा न्याय करू नये, ही मत्तयातील शिकवण त्यात होती. तसेच अपराध ज्याच्या हातून घडतो त्याच्या वाट्याला येणाऱ्या अनर्थाचा इशाराही. लिंकन यांनी गुलामगिरीला ‘दक्षिणेची’ न म्हणता ‘अमेरिकी’ म्हटले आणि युद्ध हे उत्तर व दक्षिण या दोघांनाही मिळालेले शासन असू शकेल, असे सुचवले. हे शासन कितीही लांबले तरी ईश्वराचे निर्णय न्याय्यच ठरतील, हे सांगताना त्यांनी एकोणिसाव्या स्तोत्राचा आधार घेतला.

७/ जे १८६२ मध्ये केवळ स्वतःशी मांडले होते, ते आता जिंकत आलेल्या आपल्याच पक्षाला उघडपणे ऐकवले. अकरा दिवसांनी थर्लो वीड यांना लिहिलेल्या पत्रात लिंकन यांनी मान्य केले, की ईश्वराचा हेतू आपल्या हेतूहून वेगळा होता, हे ऐकणे माणसांना रुचत नाही; पण ते सांगणे आवश्यक होते.

८/ १४ एप्रिल १८६५ रोजी त्यांच्यावर गोळी झाडली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मृत्यू झाला. तो दिवस शुभ शुक्रवारच्या लगेच नंतरचा होता. त्या रविवारी, ईस्टरच्या दिवशी, उत्तरेतील अनेक धर्मोपदेशकांनी या हत्येतही ईश्वराचा हेतू शोधला. काहींना तो अगदी नेमका ठाऊक होता.