लॅपटॉपच्या पोटातले सिमकार्ड

१९८१ साली आपला जालना जिल्हा झाला, तेव्हा परगावी बोलायचे तर ट्रंककॉल लावून बसावे लागे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आणले, तेही टेलिफोनच्या तारेवरून. २००९ पासून बीएसएनएलचे थ्रीजी येऊ लागले आणि लॅपटॉपला डोंगल लटकले. काही लॅपटॉपमध्ये मात्र मोडेमचे कार्ड आतच बसवता येते; झाकणात पडद्याभोवती अँटेनाच्या तारा तेवढ्या आधीपासून हव्यात.

फोनचा हॉटस्पॉट असताना हे कशाला, असे कोणी म्हणेल. पण २०२० च्या टाळेबंदीत अनेक घरांत फोन एकच होता. बाप तो घेऊन शेतावर गेला की लेकीची शाळा सुटली. सिम शिकणाऱ्याच्याच यंत्रात असेल, तर नेट कुणाबरोबर निघून जात नाही.