बाजारांतल्या बाईचें वजन

आठवड्याच्या बाजारांत तागडीपुढें बसलेली स्थूल भाजीवाली पाहिली कीं, ‘बाजार मानवला हो हिला!’ असें आपण सहज बोलून जातों. लठ्ठपणा सुखवस्तु माणसालाच येतो, हा आपला जुना समज. बीड जिल्ह्याचा इतिहास पाहिला म्हणजे तो समज कोठून आला तें कळतें, आणि आज तो किती फसवा आहे हेंहि कळतें.

बीड हा बालाघाटच्या डोंगरांचा, अपुऱ्या पावसाचा मुलूख. १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यांत होता. पुढें १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतल्या बायकांनीं खडी फोडली. पोटाला मिलो नांवाची परदेशी तांबडी ज्वारी, आणि कामावर मिळे ती सुकडी. अशा मुलखांत अंगावरचें मांस म्हणजे भरलेली कणगीच. अंगानें भरलेल्या सुनेचें कौतुक होई तें उगीच नव्हे.

योगायोग असा कीं, त्याच १९७२ सालीं अमेरिकेंत अ‍ॅन्सेल कीज व त्यांचे सहकारी यांनीं एका मापाला ‘बॉडी मास इंडेक्स’ हें नांव दिलें. किलोंतल्या वजनाला मीटरांतल्या उंचीच्या वर्गानें भागावयाचें; २५ पासून पुढें वजन अधिक, ३० पासून पुढें स्थूलता. गणित मूळ बेल्जियमच्या केतले यांचें, एकोणिसाव्या शतकांतलें. परंतु हा आंकडा आपल्याला जरा गाफील ठेवतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं आपलें व ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचें माप प्रसिद्ध केलें. दोघांचाहि इंडेक्स २२.३, पण देहांतील मेद युडकिनांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के! पुणें जिल्ह्यांतील खेड्यांत याज्ञिकांना असेंहि आढळलें कीं, कमी वजनाचीं, हडकुळीं बाळेंसुद्धां इंग्रज बाळांच्या मानानें चरबी राखून जन्मतात. अर्धपोटी आईच्या उदरांतच देह टंचाईची तयारी करतो, असा त्याचा अर्थ लावतात.

आतां त्या दुष्काळांत जन्मलेली मुलगी बाजारांत बसली आहे अशी कल्पना करा. तिची आई चुंबळीवर पाटी ठेवून कोस दोन कोस चालत बाजार गांठी. ही माल टेम्पोंत घालून येते आणि मांडी घालून दिवसभर बसते. कष्ट गेले नाहींत; ते बसून करावयाचे झाले, एवढेंच. दुपारीं भाकरीची जागा कधीं भज्यांनीं घेतलेली, आणि गोड चहा तर येतच राहतो. १९९४ पासून परदेशी पामतेलाची आयात मोकळी झाली, तेव्हांपासून तळण स्वस्त झालें. ज्या देहानें उपासमारीची तरतूद केली होती त्याला हें सारें अनोळखी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत शहरांतल्या ३३.२ टक्के व खेड्यांतल्या १९.७ टक्के स्त्रियांचें वजन अधिक भरलें. त्याच पाहणींत देशांतल्या १८.७ टक्के स्त्रिया हडकुळ्याहि होत्या.

तिशीपुढच्या सर्वांचा रक्तदाब व साखर तपासण्याची सरकारी योजना आहे. पण दवाखान्याची वेळ सकाळची, आणि बाजाराची गर्दीहि तेव्हांच. ही उठली कीं गिऱ्हाईक शेजारणीकडे वळतें. माझ्या मतें तपासणीच बाजारांत न्यावी. आशियाई स्त्रीच्या कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढें गेला कीं सावध व्हावें, असें माप ठरलेलें आहे. तें घ्यावयास एक फीत पुरते, आणि शिंपी तर पुष्कळदां त्याच बाजारांत बसलेला असतो.