नक्कल, मुकाबला आणि मग रीसेट

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. "एकदा रीसेट मारा, फोन नव्यासारखा चालेल" हे पहिले. "गेलेले फोटो काय, सॉफ्टवेअरने परत काढता येतात" हे दुसरे. पहिले बहुतेक वेळा खरे ठरते. दुसरे एके काळी बऱ्याच अंशी खरे होते, आज जवळजवळ खोटे आहे. हा फरक कसा पडला ते समजून घ्यायचे तर मोबाईलचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहावा लागतो.

भारतात मोबाईलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला. त्यानंतर बरीच वर्षे फोन म्हणजे बोलायचे यंत्र, एवढेच होते. २००३ साली आलेला, बॅटरीचा उजेड देणारा नोकिया ११०० आठवा. नावे आणि नंबर सिमकार्डावर असत. त्यावर साधारण अडीचशे नावे मावत आणि तीही तोकडी लिहावी लागत. फोन बिघडला तर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायचे. शिवाय महत्त्वाचे नंबर घरातल्या वहीत असतच.

त्या फोनमध्येही रीसेट होता. १२३४५ हा ठरलेला कोड टाकला की रिंगटोन, भाषा, आवाज वगैरे पहिल्यासारखे होत. साठवलेली नावे मात्र जागेवर राहत. म्हणजे रीसेट या शब्दाशी आपली पहिली ओळख झाली ती निरुपद्रवी रूपात. आजही पन्नाशी-साठीतली माणसे बिनधास्त "हो, मारा रीसेट" म्हणतात, त्यामागे ही जुनी ओळख आहे.

२००७ साली आयफोन आला, २००८ साली पहिला अँड्रॉइड फोन विकायला आला आणि चित्र पालटले. फोटोंचा अल्बम, टेपरेकॉर्डर, पत्रे, हिशेबाची वही, कागदपत्रांची फाईल हे सगळे एकाच डबीत शिरले. आता 'फॅक्टरी रीसेट' म्हणजे सगळा डेटा पुसणे असा अर्थ झाला. मात्र सुरुवातीच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये हे पुसणे अर्धवट असे. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी आणि आतली पाने तशीच राहावीत, तसे. फोनला वाटे की जागा रिकामी आहे, पण नवे काही त्यावर लिहिले जाईपर्यंत जुने तिथेच असे. म्हणून सॉफ्टवेअर लावून फोटो परत निघत.

ही सोय नव्हती, धोका होता. २०१४ साली अवास्ट या कंपनीने वापरलेले वीस फोन ऑनलाइन विकत घेतले आणि त्यांतून चाळीस हजारांहून अधिक फोटो बाहेर काढले. २०१५ साली केंब्रिज विद्यापीठाच्या लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी एकवीस जुने अँड्रॉइड फोन तपासले. रीसेटनंतरही त्यांना आतला डेटा सापडला आणि जगात असे पन्नास कोटींपर्यंत फोन असू शकतील असा अंदाज त्यांनी मांडला. त्या काळातला प्रश्न हा होता की, आपले खाजगी काही परक्याच्या हाती तर लागणार नाही ना?

यावर उपाय निघाला तो कुलपाचा. फोनमधला सगळा डेटा सांकेतिक रूपात, म्हणजे एन्क्रिप्ट करून ठेवायचा आणि तो उलगडणारी किल्ली फोनमध्येच सुरक्षित ठेवायची. २००९ च्या आयफोन ३जीएसमध्ये ही रचना होती. अँड्रॉइडने २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून पुरेशी ताकद असलेल्या नव्या फोनना आणि २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून स्वस्तातल्या नव्या फोननाही ती सक्तीची केली. आता रीसेट केला की फोन ती किल्लीच नष्ट करतो. पेटी तशीच राहते, पण किल्ली वितळवून टाकलेली असते. पेटीतला माल कोणत्याही दुकानदाराला काढता येत नाही. चोराच्या दृष्टीने दार बंद झाले, आणि त्याच वेळी मालकाच्या दृष्टीनेही. आजचा प्रश्न असा की, आपलेच आपल्याला परत मिळेल का?

एकच प्रत असली की ती कधीतरी जाते, ही भीती आपल्या इतिहासाला नवी नाही. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या निधनानंतर लवकरच, हिजरी ११-१२ च्या सुमारास, यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले. हदीसमध्ये नोंद आहे की, हजरत उमर (रजि.) यांनी तेव्हा हजरत अबू बकर (रजि.) यांच्याकडे कुरआन एकत्र लिहून ठेवण्याचा आग्रह धरला. जैद बिन साबित (रजि.) यांनी खजुराच्या फांद्या, पातळ दगड आणि माणसांची हृदये यांतून तो गोळा केला. ती प्रत पुढे हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे राहिली. हजरत उस्मान (रजि.) यांनी तिच्यावरून प्रती करवून वेगवेगळ्या प्रांतांत पाठवल्या. पाठांतरही चालू राहिले आणि लेखनही. एकाच जागेवर, एकाच माध्यमावर भिस्त ठेवली नाही.

पुढे हस्तलिखितांच्या जमान्यात आणखी एक शिस्त आली, तिचे नाव मुकाबला. आज उर्दूत आणि मराठीतही आपण हा शब्द सामन्यासाठी वापरतो, पण मूळ अर्थ समोरासमोर ठेवणे. कातिबाने नक्कल पूर्ण केली म्हणून काम संपत नसे. मूळ नुस्खा आणि नक्कल समोरासमोर ठेवून वाचली जात. जिथपर्यंत ताळा झाला तिथे समासात 'बलग' म्हणजे 'पोहोचला' अशी खूण केली जाई. मुकाबला न झालेल्या प्रतीवर जाणकार विसंबत नसत.

रीसेटपूर्वी नेमके हेच करायचे असते. बहुतेक लोक नक्कल करतात, मुकाबला करत नाहीत. गुगल फोटोज २०१५ साली आले, त्याच वर्षी व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप गुगल ड्राइव्हवर जाऊ लागला, आणि "सगळे वर ढगात आहे" अशी समजूत पसरली. प्रत्यक्षात कॅमेऱ्याचे फोटो जातात, पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोंचे फोल्डर वेगळे निवडावे लागते. व्हॉइस रेकॉर्डरमधले आवाज आणि डाउनलोडमधल्या पीडीएफ बहुधा आपोआप जात नाहीत. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजची अमर्याद फुकट जागा बंद झाली. २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपही त्याच पंधरा जीबीत मोजला जाऊ लागला. जागा भरली की बॅकअप थांबतो, आणि आपल्याला महिनोन्‌महिने पत्ता नसतो.

हे किती महागात पडते ते शाळेत शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या दिवसांत दिसते. उत्पन्नाचा दाखला, जातीच्या दाखल्यासाठी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना सातबारा असे सगळे पालक फोनमधून दाखवतात. मूळ कागद पावसात भिजलेला किंवा घर बदलताना हरवलेला असतो. त्या फोटोवर मुलाचे शिक्षण अडलेले असते. आणि त्याच फोनमध्ये मरहूम दादीची लोरी असते, तिच्या दखनी बोलीत. दाखला खेटे घालून पुन्हा मिळू शकतो, लोरी कुठल्या कार्यालयात मिळणार?

म्हणून आधी विचारावे, सगळे पुसायची गरज आहे का? इंटरनेट नीट चालत नसेल तर रीसेटच्या पानावर 'नेटवर्क सेटिंग' एवढेच रीसेट करता येते. वायफायचे पासवर्ड जातात, फोटो राहतात. काही फोनमध्ये 'सर्व सेटिंग' असा पर्याय असतो, तोही वैयक्तिक डेटाला हात लावत नाही. 'सर्व डेटा मिटवा' हा शेवटचा उपाय आहे.

तो करायचाच असेल तर एक प्रत आपल्या खात्यात आणि दुसरी संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर काढावी. मेमरी कार्ड फोनच्या आतल्या साठवणीला जोडून वापरत असाल तर तेही त्या फोनच्या किल्लीनेच बंद असते, रीसेटनंतर उघडणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या एन्क्रिप्टेड बॅकअपला पासवर्ड दिला असेल तर तो कागदावर लिहून ठेवावा. गुगल खात्याचा पासवर्डही आठवतो का ते पाहावे, कारण २०१५ पासून चोरीविरुद्धच्या सोयीमुळे फोन रीसेटनंतर कधी कधी जुन्या खात्याचीच ओळख मागतो.

मग मुकाबला. दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर बसून प्रत उघडावी. सर्वांत जुना फोटो दिसतो का, दाखल्यावरचा शिक्का वाचता येतो का, दादीचा आवाज शेवटपर्यंत वाजतो का, हे पाहावे. तो पूर्ण ऐकून झाला की मनातल्या मनात समासात 'बलग' लिहावे, आणि मगच रीसेटच्या बटणाकडे हात न्यावा.