शब्दाचा धनी कोण?

कोणतीही चळवळ प्रथम शब्दाच्या बळावर उभी राहते, आणि तो शब्द कोणत्या वाटेने लोकांपर्यंत पोहोचतो ह्यावर तिचे शील बरेचसे ठरते. इंटरनेटने आज ही वाटच पालटून टाकली आहे. ह्या पालटाचा विचार करावयाचा तर बेळगाव-निपाणीच्या सीमाभागाचा इतिहास आम्हांस विशेष बोधप्रद वाटतो.

पूर्वी गावात वार्ता फिरे ती दवंडीने, बाजारच्या दिवशी आणि देवळातील कीर्तनाच्या निमित्ताने. पुढे सभा व वृत्तपत्रे आली. १९१६ च्या एप्रिलमध्ये लोकमान्य टिळकांनी आपल्या होमरूल लीगची स्थापना केली ती बेळगावातच. १९१९ साली बाबूराव ठाकूर ह्यांनी येथे 'तरुण भारत' सुरू केले. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली येथे भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. ह्या सर्वांत एक गुण समान होता. शब्दाचा धनी कोण, हे ऐकणाऱ्यास ठाऊक असे. कीर्तनकार समोर उभा असे, वृत्तपत्रावर संपादकाचे नाव असे, आणि चुकीचा जाब विचारता येई.

मग आकाशवाणी आली. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई शहर केंद्राच्या अधिकाराखाली ठेवण्याचा निर्णय पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केला. एका मुखातून निघालेले शब्द एकाच वेळी घरोघर पोहोचले. दुसऱ्याच दिवशी बेळगाव व निपाणी येथे निदर्शकांवर गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली. १७ जानेवारी हा हुतात्मा दिन सीमाभागात आजही पाळला जातो. आकाशवाणी बोलू शकत होती, ऐकू शकत नव्हती; म्हणून तिला उत्तर द्यावयाचे तर लोकांना रस्त्यावरच यावे लागले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला.

१९८१ साली निपाणीचे तंबाखू उत्पादक शरद जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. प्रश्न भाषेचा नव्हता, तंबाखूच्या भावाचा होता. ६ एप्रिलच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. तेथेही शब्दामागे देह उभा होता.

आता प्रत्येकाच्या हाती वृत्तपत्र आहे व आकाशवाणीही. ह्याचा लाभ नाकारणे अन्यायाचे होईल. २०१४ च्या जुलैमध्ये येळ्ळूर येथील 'महाराष्ट्र राज्य' हा फलक न्यायालयाच्या आदेशावरून काढण्यात आला. ग्रामस्थांनी तो पुन्हा उभारला, तेव्हा पोलिसांनी लाठी चालविली. एका खेड्यातील त्या लाठीमाराची चित्रे सीमेपलीकडे सर्वत्र पाहिली गेली. दुर्बळाच्या हाती असा साक्षीदार पूर्वी कधी आला नव्हता.

परंतु ह्याच साधनाची दुसरी बाजूही आम्ही पाहिली. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळूर येथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याची चित्रफीत पसरली. पाठोपाठ बेळगावात संगोळ्ळी रायण्णाच्या पुतळ्याची मोडतोड झाली. एका वीराच्या अवमानाचे उत्तर दुसऱ्या वीराच्या अवमानाने देण्यात आले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२२ मध्ये, सीमावाद पेटून बेळगावजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगड पडले, तर पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा ह्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक घेतली. मोठ्या नेत्यांच्या नावे उघडलेल्या खोट्या ट्विटर खात्यांनीही हा वाद चिघळविला, असे त्यांनी त्या वेळी सांगितले. ज्या वादात पूर्वी माणसांनी स्वतःच्या नावाने व प्राणाने साक्ष दिली, त्याच वादात आता दुसऱ्याचे नाव चोरून बोलण्याची सोय झाली आहे.

आमच्या मते मराठी भाषकांची मागणी न्याय्य असेल तर तिला खोट्याच्या आधाराची गरज नाही. कपिलेश्वराच्या दर्शनास मराठी, कोंकणी व कानडी बोलणारे एकाच रांगेत उभे असतात. आज देवळाच्या उत्सवाचे आमंत्रण व्हॉट्सअॅपवर येते, आणि चिथावणीही त्याच वाटेने येते. ती पुढे धाडणारा प्रत्येक जण तिचा धनी होतो. देवासमोर उभे राहून जे आपल्या नावाने बोलता येणार नाही, ते बोटाने पुढे सारू नये. हुतात्म्यांचे एवढे ऋण तरी आपण फेडावे.