किल्केनी: बंदी नेमकी कोणावर होती?

इअरफोन लावलेत ना? चला, आज आयर्लंडमध्ये जाऊ. नोर नदीच्या काठावरचं किल्केनी.

साल १३६६. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्ड राजाचा मुलगा लायोनेल इथे पार्लमेंट भरवतो आणि एक कायदा होतो. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या इंग्रजांनी आयरिश भाषा बोलायची नाही. आयरिश घरात सोयरीक करायची नाही. घोड्यावर बसायचं तर इंग्रजी खोगीर घालूनच. आणि हर्लिंग, म्हणजे काठी-चेंडूचा खेळ, तोही बंद! गंमत म्हणजे, इंग्रजीच बोला असं बजावणारा हा कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये. तेव्हा कायद्याची भाषाच ती होती.

आता जरा थांबा. बंदी कधी घालतात? लोक ती गोष्ट करत असतात तेव्हाच ना! म्हणजे ११६९ पासून आलेल्या नॉर्मन सरदारांची नातवंडं-पतवंडं आयरिश बोलत होती, आयरिश घरांत लग्नं करत होती, हर्लिंग खेळत होती. हा कायदा सत्तेचा जोर दाखवतो, तशीच तिची भीतीही.

गावाचा नकाशाच बघा. ब्रेगा नावाच्या छोट्या नदीच्या एका बाजूला इंग्रजांचं गाव, दुसऱ्या बाजूला आयरिशटाउन. आज सेंट कॅनिस कॅथेड्रलपासून किल्ल्यापर्यंतच्या रस्त्याला ‘मिडीव्हल माइल’ म्हणतात. तुम्ही ती हद्द चालत-चालत सहज ओलांडता. टोकाचा किल्ला बटलर घराण्याने १३९१ मध्ये घेतला आणि १९६७ मध्ये गावाला दिला. किंमत? फक्त ५० पौंड!

मग कायद्याचं झालं काय? हर्लिंगचं सांगायचं तर, तेव्हाचा खेळ हुबेहूब आजच्यासारखा नसेल, पण आयर्लंडच्या राष्ट्रीय हर्लिंग स्पर्धेत सर्वाधिक विजेतेपदं आज किल्केनीचीच आहेत.

भाषेचं मात्र तसं झालं नाही. १३६६ च्या कायद्याला जे जमलं नाही, ते पुढच्या शतकांतल्या सत्तेने, जमिनींच्या जप्तीने आणि दुष्काळाने केलं. आज किल्केनीच्या रस्त्यांवर मुख्यतः इंग्रजीच ऐकू येते. पण पाटीवर इंग्रजी नावासोबत आयरिश नावही असतं: ‘किल खॅनी’, म्हणजे संत कॅनिसचं चर्च. ‘किल्केनी’ हे त्याचंच इंग्रजी वळण.

पुढच्या वेळी इतिहासात कुठली बंदी दिसली, तर एवढंच विचारा: तेव्हा हे कोण करत होतं? भेटू पुढच्या भागात!