१९ फेब्रुवारी १९२३ : थिंड खटल्याचा निकाल

पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात भरती झालेले भगतसिंग थिंड त्या देशाचे नागरिक होऊ शकत नाहीत, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी १९२३ रोजी दिला. कारण एकच : सर्वसामान्यांच्या समजुतीप्रमाणे ते 'गोरे' नव्हते! पाठोपाठ सरकारने आधीच नागरिक झालेल्या भारतीयांचेही नागरिकत्व रद्द करण्याचा सपाटा लावला. कॅलिफोर्नियात त्यांच्या जमिनींवरही गदा आली.

थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव वाचताच आपल्या गल्लीतले वाटावे असे. त्यांचेही अमेरिकी नागरिकत्व रद्द करण्यासाठी सरकारने त्यांच्यावर खटला भरला. ते स्वतःच कोर्टात झुंजले. या नागरिकत्वाच्या भरवशावर आपण वकिली सुरू केली, मालमत्ता घेतली, संसार थाटला. आता ते हिरावून घेणे अन्यायाचे आहे, हा त्यांचा मुद्दा टिकला. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे ऐकण्यासही नकार दिला आणि इतर भारतीयांवरचे खटले थांबले. भारतीयांना नागरिकत्व नाकारणारा कायदा मात्र २ जुलै १९४६ रोजी बदलला, आणि नवा कायदाही वर्षाला अवघ्या १०० भारतीयांना प्रवेश देणारा होता.

जळगाव-धुळ्यातल्या ज्या घरांतली लेकरे आज अमेरिकेत व्हिसाच्या चिंतेत आहेत, त्यांनी सखाराम पंडितांचे नाव मुलांना जरूर सांगावे.